धक्क्यावर बोटींच्या जागा किती असाव्यात? फ्लोरिडातील परवानग्या आणि मॅनटी

नदीकाठ

नमस्कार. आम्ही गेली अकरा वर्षे फ्लोरिडाच्या पश्चिम भागात एका नदीच्या काठी असलेल्या वसाहतीत राहतो. वसाहतीत 112 घरे आहेत आणि या वर्षी रहिवासी मंडळावर माझी निवड झाली आहे (गणेशोत्सवाच्या समितीतून सुटलो आणि येथे सापडलो, असे पत्नीचे म्हणणे आहे). आमच्या सामाईक मालकीचा नदीकाठ 640 फूट असून त्यावर सहा बोटी लावता येतील असा जुना लाकडी धक्का आहे. तो मोडकळीस आल्यामुळे नवा बांधावा आणि बांधतानाच जागा सहाच्या अठरा कराव्यात, असा ठराव मागच्या सभेत मंजूर झाला.

अर्ज करण्यापूर्वीच्या बैठकीत मात्र आम्हाला असे सांगण्यात आले की, काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) मॅनटी संरक्षण योजनेत (मॅनटी म्हणजे पाण्यात राहणारा, गवत खाणारा मोठा सस्तन प्राणी) आमचा पट्टा बोटींसाठी प्रतिकूल ठरवलेल्या वर्गात मोडतो, तेथे दर शंभर फूट किनाऱ्यामागे बोटीची एकच जागा मान्य होते आणि म्हणून आम्हाला सहापेक्षा अधिक जागा मिळणार नाहीत. सभेत यावर बरीच वादावादी झाली. निम्म्या सभासदांना वकील हवा आहे. त्यांचा युक्तिवाद असा की, नदीतून दर शनिवारी शेकडो बोटी जात असताना आमच्या बारा जास्तीच्या बोटींनी मॅनटीचे असे काय बिघडणार आहे? उरलेल्या निम्म्यांना हा नियम योग्य वाटतो, पण तो का योग्य आहे हे त्यांच्यापैकी कोणालाही नीट सांगता आले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही आले नाही.

येथे अशा परवानग्यांचा अनुभव असलेले कोणी आहे का? शंभर फुटांमागे एक हे प्रमाण कशाच्या आधारावर ठरते, आणि ते न्याय्य आहे असे तुम्हाला वाटते का? काउंटीचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण सभासदांपैकी दोघे हे संकेतस्थळ वाचतात.

टपोरा_आंबा

घरे 112 आणि जागा 18. परवानगी मिळाली तर उरलेली 94 घरे तुमच्याशी बोलणे बंद करतील. नकार मिळत असेल तर तो चौकट करून भिंतीवर लावा.

पाइलवाला

मी गेली चौदा वर्षे फ्लोरिडात पाण्यातील बांधकामांचे आराखडे आणि त्यांच्या परवानग्या यांचे काम करतो. नदीकाठ यांच्या प्रश्नात दोन वेगळ्या बाबी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी सुट्या केलेल्या बऱ्या. एक म्हणजे बांधकाम चालू असताना मॅनटीला इजा होऊ नये म्हणून घातलेल्या अटी, आणि दुसरी म्हणजे बांधकाम संपल्यानंतर त्या धक्क्यावरून पुढची तीस वर्षे ज्या बोटी सुटणार आहेत, त्यांचा विचार. पहिली बाब सोपी आहे. सगळे भांडण दुसरीवरून होते.

नौकानयनयोग्य पाण्यात खांब ठोकायचा झाला तर 1899 च्या नद्या व बंदरे कायद्याच्या दहाव्या कलमाखाली लष्कराच्या अभियंता दलाची परवानगी लागते. मॅनटी 1967 पासून संघराज्याच्या संरक्षित यादीत आहे, त्यामुळे तिला बाधा पोहोचण्याचा संभव असेल तर दलाला मत्स्य व वन्यजीव सेवेशी विचारविनिमय करणे बंधनकारक असते. फ्लोरिडात धक्क्यांचे अर्ज इतके येतात की प्रत्येकासाठी तो करत बसणे अशक्य आहे, म्हणून एक ठरीव प्रश्नावली वापरली जाते. तिची 2013 ची आवृत्ती माझ्या टेबलावर कायम असते. हो किंवा नाही अशी उत्तरे देत पुढे गेले की शेवटी अर्ज ‘परिणाम नाही’, ‘परिणाम संभवतो, पण तो प्रतिकूल असण्याची शक्यता कमी’ किंवा ‘परिणाम संभवतो’ यांपैकी एका खणात जाऊन पडतो. शेवटच्या खणात पडलेल्या अर्जाची वाट मग लांबची असते.

या प्रश्नावलीत एक कळीचा प्रश्न असा आहे की, पाच किंवा त्याहून अधिक जागांचा तुमचा प्रकल्प काउंटीच्या मॅनटी संरक्षण योजनेशी सुसंगत आहे काय. या योजनांचा उगम 1989 सालचा आहे. त्या वर्षी राज्यपाल आणि त्यांच्या मंत्रिमंडळाने, मॅनटींचा वावर आणि बोटींमुळे होणारे मृत्यू जेथे अधिक होते अशा 13 काउंटींना आपापल्या योजना तयार करण्यास सांगितले. बोटींची सोय कोठे व्हावी आणि कोठे होऊ नये याचा नकाशा हा त्या योजनेचा गाभा असतो, आणि ढोबळ मानाने त्यात अनुकूल, सशर्त आणि प्रतिकूल असे तीन वर्ग असतात. तुमचे सहा हे उत्तर त्या नकाशातून आले आहे, समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या मनातून नव्हे. वकिलाला पैसे देण्यापूर्वी तो नकाशा मागवा.

शंकासुर

मी विरोधी बाकावर बसतो, कोणीतरी बसलेच पाहिजे.

1991 च्या हवाई पाहणीत फ्लोरिडात 1,267 मॅनटी मोजल्या गेल्या होत्या. 2021-22 च्या अंदाजानुसार त्यांची संख्या 8,350 ते 11,730 यांच्या दरम्यान आहे. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत हे मान्य करूनही वाढ झाली आहे, हे कोणी नाकारत नाही. 2017 साली संघराज्याने स्वतःच मॅनटीला ‘संकटग्रस्त’ या वर्गातून काढून ‘धोक्यात असलेली’ या खालच्या वर्गात आणले. शिवाय 2021 साली ज्या 1,100 च्या आसपास मॅनटी मेल्या, त्यांतील फार मोठा वाटा अटलांटिक किनाऱ्यावरील उपासमारीचा होता. त्यांचे खाद्य असलेले सागरी गवत सांडपाण्यामुळे आणि खतांमुळे नष्ट झाले, त्यात कोणाच्या धक्क्यावर अठरा बोटी होत्या म्हणून नव्हे. मग ज्या कारणाने प्राणी मरतो आहे ते सोडून नदीकाठ यांच्या बारा बोटींवर कायद्याचा दंडुका का? सांडपाण्याची व्यवस्था सुधारायला अब्जावधी डॉलर लागतात आणि रहिवासी मंडळाला नाही म्हणायला एक पत्र पुरते, एवढेच त्याचे कारण असावे असा मला दाट संशय आहे.

अनघा_मेरिट

शंकासुर, तुमचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे, आणि ते मान्य करताना फार वाईट वाटते, कारण ती उपासमार मी डोळ्यांनी पाहिली आहे. आम्ही ब्रेवार्ड काउंटीत, इंडियन रिव्हर खाजणाच्या काठी राहतो. 2021-22 च्या हिवाळ्यात केप कॅनव्हेरलजवळच्या वीजकेंद्रापाशी, जेथे यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्यात मॅनटी थंडी काढतात, तेथे सरकारी यंत्रणेने त्यांना लेट्यूसच्या पानांचे गड्डे खाऊ घातले. त्या एका हिवाळ्यात दोन लाख पौंडांहून अधिक पाला गेला. वन्य प्राण्याला माणसाने खायला घालू नये असा नियम असलेल्या राज्याने स्वतःच तो बाजूला ठेवला, यावरून वेळ काय आली होती ते समजून घ्या. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की मॅनटीला ते सोसत नाही, त्यामुळे उपाशी असली तरी ती ऊब सोडून दूर चरायला जाऊ शकत नव्हती. बरगड्या दिसणारी मॅनटी मी तोपर्यंत कधी पाहिली नव्हती.

पण या गवताचा आणि धक्क्यांचा काहीच संबंध नाही, हे मला पटत नाही. गवत मरते ते उजेड न मिळाल्यामुळे. खाजणात तो शेवाळाच्या लोंढ्यांनी अडवला आणि त्यांना पोसणारे नत्र व स्फुरद बव्हंशी सांडपाण्यातून, शौचटाक्यांतून आणि हिरवळींच्या खतातून आले. धक्का हेच काम लहान प्रमाणावर करतो, कारण त्याच्या सावलीत गवत टिकत नाही. म्हणूनच गवतावरून जाणाऱ्या धक्क्यांसाठी 2001 पासून मार्गदर्शक सूचना आहेत. चालण्याची पट्टी भरतीच्या पातळीपासून किमान पाच फूट उंच असावी, चार फुटांपेक्षा रुंद नसावी, फळ्यांमध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवावी किंवा फळ्यांऐवजी 43 टक्के मोकळी जागा असलेली जाळी वापरावी आणि शक्यतो धक्का उत्तर-दक्षिण धरावा म्हणजे सावली एका जागी ठाण मांडून बसत नाही, अशा त्या सूचना आहेत. आमच्या शेजारच्या धक्क्याला जाळी बसवल्यावर दोन वर्षांत खाली पुन्हा विरळ गवत दिसू लागले. आमच्या लाकडी धक्क्याखाली अजून नुसती वाळू आहे.

सांडपाण्याबद्दल आणखी एक. 2025 मध्ये ऑर्लँडोच्या संघराज्य न्यायालयाने खाजणातील सांडपाण्याचे नियमन करण्यात राज्याच्या पर्यावरण विभागाने संकटग्रस्त प्रजाती कायद्याचा भंग केला, असा निर्णय दिला. त्यावर अपील झाले आहे. म्हणजे दंडुका फक्त रहिवासी मंडळांवरच उगारला जातो असे नाही.

मितभाषी

वीजकेंद्र बंद झाले तर त्या मॅनटी जाणार कोठे?

अनघा_मेरिट

याचे उत्तर सध्या कोणाकडेही समाधानकारक नाही. फ्लोरिडातील निम्म्याहून अधिक मॅनटी हिवाळ्यात वीजकेंद्रांच्या कोमट पाण्यावर अवलंबून असतात. आईमागोमाग पिल्लू तीच वाट शिकते, त्यामुळे सवय पिढ्यांची झाली आहे.

जान्हवी_पी

मी पशुवैद्य आहे, पण कुत्र्यामांजरांची. मात्र शिकत असताना फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथील राज्याची प्रयोगशाळा पाहण्याचा योग आला होता, जेथे राज्यभरातून सापडलेल्या मृत मॅनटींचे शवविच्छेदन होते. तेव्हापासून या विषयावर येईल ते वाचते.

उपासमारीचे वर्ष डोळ्यांत भरते, पण बोटींचे मृत्यू दर वर्षीचे आहेत. 2019 साली बोटींच्या धडकेने मेलेल्या मॅनटींची संख्या 136 होती, आणि साधारणपणे पाचांतील एक मृत्यू या कारणाने होतो. धडकेतून त्या वेळी वाचलेल्यांचेही पाहा. मृत प्रौढ मॅनटींच्या तपासणीत 96 टक्क्यांच्या अंगावर बोटीने झालेल्या जखमांचे व्रण आढळले. पाठीवरच्या व्रणांच्या नक्षीवरून संशोधक एकेका मॅनटीला ओळखतात, एवढी ही गोष्ट नेहमीची आहे.

यात दोन गैरसमज असतात. पहिला असा की पंख्याला जाळी बसवली की प्रश्न मिटला. प्रत्यक्षात पुष्कळ मृत्यू पात्याने कापल्यामुळे नव्हे तर बोटीच्या तळाच्या नुसत्या आघाताने होतात, बाहेर ओरखडा नसतो आणि आत फासळ्या मोडून फुप्फुसात घुसलेल्या असतात. दुसरा असा की संख्या वाढली म्हणजे निश्चिंत झालो. मॅनटीला साधारण वर्षभराच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू होते आणि पुढचे दोन ते पाच वर्षांनी. अशा सावकाश वाढणाऱ्या प्राण्याचे भवितव्य प्रौढ माद्या किती वर्षे जगतात यावर ठरते, आणि नेमका बोटीचा आघात वयात आलेल्या सशक्त जनावराला उचलतो. उपासमारीने खंगलेली संख्या भरून काढायची असेल तर ही दुसरी गळती चालू ठेवणे परवडत नाही. शंकासुर, तुम्ही दोन कारणे एकमेकांसमोर उभी केली आहेत. माझ्या मते ती एकमेकांच्या शेजारी उभी आहेत.

शंकासुर

जान्हवीताई, आघाताचा मुद्दा मान्य. पण मग त्याचे उत्तर वेग हे आहे, जागांची संख्या नव्हे. मॅनटी ताशी पाच ते आठ किलोमीटरने पोहते. बोट सावकाश चालली तर दोघांनाही वळायला वेळ मिळतो. वेगमर्यादेचे पट्टे आहेत, त्यांच्या पाट्या आहेत, दंडही आहे. तो कसून वसूल करा आणि नदीकाठ यांना अठरा काय, तीस जागा द्या.

पाइलवाला

तत्त्वतः बरोबर, व्यवहारात नाही. फ्लोरिडात सुमारे दहा लाख नोंदणीकृत बोटी आहेत. गस्तीच्या नौका किती असतील त्याचा अंदाज तुम्हीच करा. वेगमर्यादा पाळली जाईल की नाही हे प्रत्येक चालकाच्या मनावर, दर फेरीला नव्याने ठरते. जागा किती असाव्यात हे एकदाच ठरते आणि तीस वर्षे टिकते. म्हणून परवानगी देणाऱ्याचा भर दुसऱ्यावर असतो.

नदीकाठ यांच्या सभासदांचा ‘आमच्या बारा बोटींनी काय होणार’ हा प्रश्नही जुनाच आहे आणि त्यावर न्यायालयात लढाई होऊन गेली आहे. 2000 साली सेव्ह द मॅनटी क्लब आणि इतर संस्थांनी अभियंता दल व वन्यजीव सेवा यांच्यावर दावा लावला. तक्रार साधी होती. तुम्ही प्रत्येक धक्का सुटा पाहता आणि प्रत्येक वेळी ‘याने विशेष परिणाम नाही’ म्हणून शिक्का मारता, पण शेकडो शिक्क्यांची बेरीज कोणीच करत नाही. 2001 च्या प्रारंभी त्यात तडजोड झाली आणि नवी अभयक्षेत्रे आखण्याचे काम त्यातून पुढे गेले. ती बेरीज करण्याचा मार्ग म्हणजे काउंटीची योजना. बारा बोटी हा हप्ता आहे, कर्ज नदीच्या नावावर आहे.

आता तुमचा पट्टा प्रतिकूल का असावा याविषयी. लोक आपल्या धक्क्यासमोरचे पाणी पाहतात आणि म्हणतात, येथे मॅनटी क्वचितच दिसते. पाहायची असते ती धक्क्यापासून खुल्या पाण्यापर्यंतची वाट. तुम्ही नदीच्या वरच्या अंगाला असाल, तर तुमची प्रत्येक बोट मेक्सिकोच्या आखाताकडे जाताना आणि परतताना संपूर्ण नदी दोनदा पार करणार, आणि त्याच वाटेवर हिवाळ्यात ऊब शोधत येणाऱ्या मॅनटी असणार. मुखाशी असलेल्या मरीनाला तीस जागा मिळाल्या आणि तुम्हाला सहा, यात पक्षपात वाटतो, पण तेथल्या बोटी पाच मिनिटांत खोल पाण्यात पोहोचतात.

नदीकाठ

हा वाटेचा मुद्दा सभेत एकानेही मांडला नव्हता. आम्ही खरोखरच बरेच वरच्या अंगाला आहोत. आखातापर्यंत जायला सव्वा तास लागतो, आणि त्यातली चाळीस मिनिटे संथ वेगाच्या पट्ट्यांतून.

टपोरा_आंबा

आणि ती चाळीस मिनिटे तुमचे सर्व सभासद संथच जातात, नाही का?

नदीकाठ

या प्रश्नाचे उत्तर मी मंडळाचा पदाधिकारी या नात्याने देऊ शकत नाही.

कालवेकर

मला या चर्चेत एक अन्याय दिसतो आणि तो शंकासुर यांनी दाखवलेला नाही. मी केप कोरलमध्ये कालव्याच्या काठी राहतो. या एका शहरात चारशे मैलांचे कालवे आहेत आणि घरामागे धक्का ही तेथे स्वयंपाकघराइतकी गृहीत धरलेली गोष्ट आहे. राज्याच्या नियमानुसार एक हजार चौरस फुटांपर्यंतच्या खासगी धक्क्याला (विशेष संरक्षित पाण्यात पाचशे) बहुतेक वेळा पर्यावरण परवान्यातून सूट मिळते. काउंटीच्या योजनेची कात्री पाच किंवा अधिक जागांच्या प्रकल्पाला लागते. माझ्या घरामागच्या बोटीला ती लागली नाही, माझ्या रांगेतील एकालाही लागली नाही.

म्हणजे ज्याच्याकडे पाण्याकाठचे घर घेण्याइतका पैसा आहे तो मोकळा, आणि 112 कुटुंबे मिळून एक सामाईक धक्का मागतात तर त्यांना फूटपट्टी. अठरा वेगळे धक्के बांधण्यापेक्षा एक सामाईक धक्का कमी गवत झाकतो, कमी खांब मागतो. बोटी पाण्यात सोडण्याच्या सार्वजनिक उतरणीचेही तेच. ज्याच्याकडे घर नाही पण ट्रेलरवर लहान होडी आहे तो तिच्यावर अवलंबून असतो, आणि काही योजनांत उतरणीजवळचे ट्रेलर उभे करण्याचे गाळेसुद्धा बोटींच्या जागा म्हणून मोजले जातात. मॅनटीला वाचवण्याचा भार सामाईक वापर करणाऱ्यांवरच का? माझ्या बाजूने नियम असूनही मी हे लिहितो आहे, याची नोंद घ्यावी.

पाइलवाला

नोंद घेतली, आणि या मुद्द्याला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. एवढेच सांगू शकतो की एकट्या घराच्या धक्क्यावर मालकी हक्काचा कायदा जड असतो आणि योजना लिहिणाऱ्यांनी ते भांडण टाळले. कालव्यांच्या शहरांत बेरजेतला सर्वांत मोठा आकडा कदाचित तोच आहे.

तारकर्लीचा_तांडेल

मी सिंधुदुर्गातून लिहितो, बोट चालवणे हा आमचा तीन पिढ्यांचा धंदा. आमच्याकडे मॅनटी नाही. तिची चुलत बहीण डुगाँग भारतात आहे, पण ती कच्छच्या आखातात, मन्नारच्या आखातात, पाल्कच्या सामुद्रधुनीत आणि अंदमानात. तामिळनाडूने 2022 मध्ये पाल्कच्या उपसागरात 448 चौरस किलोमीटरचे डुगाँग राखीव क्षेत्र जाहीर केले, तेही गवतासाठीच. महाराष्ट्राच्या वाट्याला डॉल्फिन आणि कासवे आली.

तुमची चर्चा वाचून मला एका गोष्टीचे नवल वाटले. आमच्याकडे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत भरतीरेषेपासून किती मीटरवर काय बांधता येईल हे लिहिलेले असते, सागरी गवताचे पट्टे सर्वाधिक संरक्षित गटात आहेत, पण एखाद्या जेटीवरून किती बोटी सुटाव्यात आणि त्या कोणत्या वाटेने जाव्यात याचे गणित परवानगीच्या वेळी कोणी मांडत असल्याचे मी पाहिलेले नाही. हंगामात डॉल्फिन दाखवायला निघालेल्या बोटी एका कळपाला चारी बाजूंनी घेरतात तेव्हा जेटी मजबूत आहे की नाही याला काय अर्थ उरतो? एक गोष्ट मात्र आमच्याकडची चांगली आहे. संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि तो सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर राज्य सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देते. 2018 पासून ही योजना आहे. नियम पाळणाऱ्याचे नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यावे, हा विचार कालवेकर यांच्या तक्रारीला लागू पडेल असे वाटते.

मितभाषी

अवांतर: मॅनटी आणि डुगाँग या दोघींचे जमिनीवरचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे हत्ती. मॅनटीच्या पुढच्या वल्ह्यांवर हत्तीसारखी नखेही असतात.

टपोरा_आंबा

म्हणजे बाप्पाच्या नात्यातली. नदीकाठ, गणेशोत्सव समितीतून तुम्ही सुटलेलाच नाही.

जान्हवी_पी

पाइलवाला, पहिल्या प्रतिसादात तुम्ही बांधकामाच्या काळातील अटी सोप्या आहेत म्हणून सोडून दिल्या. त्या प्रत्यक्षात पाळल्या जातात का?

पाइलवाला

बहुतेक वेळा पाळल्या जातात, कारण त्या स्पष्ट आहेत. कामावरील प्रत्येकाला आधी माहिती द्यायची. कामाच्या बोटी मंद गतीनेच चालवायच्या. गाळ अडवण्याचा पडदा मॅनटी अडकणार नाही अशा कापडाचा आणि नीट बांधलेला हवा. मॅनटी पन्नास फुटांच्या आत आली की पाण्यातील सर्व यंत्रे बंद, आणि ती त्या वर्तुळाबाहेर गेल्याशिवाय किंवा अर्धा तास पुन्हा न दिसल्याशिवाय काम सुरू करायचे नाही. तिला हुसकावायचे नाही, आणि नळीने गोडे पाणी दाखवून दुसरीकडे न्यायचेही नाही.

एकदा खांब ठोकताना आई आणि पिल्लू आमच्या तराफ्याच्या सावलीत येऊन थांबले. क्रेनचे भाडे तासावर होते. आई दर चार-पाच मिनिटांनी नाक वर काढून श्वास घेई आणि पुन्हा तेथेच खाली बसे, त्यामुळे अर्ध्या तासाचे घड्याळ दर वेळी शून्यावर येई. तीन तास दहा मिनिटे आम्ही दहा माणसे तराफ्यावर बसून होतो. मालकाने फोनवर काय म्हटले ते येथे लिहिण्यासारखे नाही. त्यानंतर माझ्या प्रत्येक अंदाजपत्रकात ‘मॅनटी प्रतीक्षा’ अशी एक ओळ असते.

खरी ढिलाई दिसते ती काम संपल्यानंतर. मागे राहिलेला गाळपडदा, सुटलेली दोरी, जाळी न बसवलेला नळ. मॅनटी कुतूहलाने पाइपात शिरते आणि तिला मागे फिरता येत नाही. म्हणून आठ इंचांहून मोठ्या आणि तिला शिरता येईल अशा पाइपांच्या तोंडाला, गजांत आठ इंचांपेक्षा जास्त अंतर नसलेली जाळी लावायची असते.

नदीकाठ

काल सभा झाली, म्हणून परत लिहितो. काउंटीचा नकाशा पडद्यावर दाखवला आणि आमच्या धक्क्यापासून आखातापर्यंत लाल रेघ ओढली. ती रेघ हिवाळी संथगतीच्या तीन पट्ट्यांतून गेली. वकिलाचा ठराव 31 विरुद्ध 44 मतांनी पडला. कालवेकर यांचा मुद्दाही मी वाचून दाखवला आणि त्यावर सर्वांत जास्त टाळ्या पडल्या, म्हणजे नियम मान्य झाला असला तरी राग गेलेला नाही. तो मलाही आहे.

सहा जागांचाच धक्का बांधायचा, मात्र चालण्याच्या पट्टीला फळ्यांऐवजी जाळी, आणि सातवी बोट लावण्याऐवजी काठावर कयाकसाठी एक लहान उतरण, असे ठरले आहे. सहा जागा कोणाला हा विषय पुढील सभेवर ढकलला (टपोरा_आंबा, हसू नका). पाइलवाला, दोन शंका आहेत. धक्क्याच्या बाजूला पावसाच्या पाण्याचा 24 इंची पाइप नदीत उघडतो, तो आमचाच आहे. आणि काम डिसेंबरमध्ये सुरू करावे असे कंत्राटदार म्हणतो, कारण तेव्हा पाऊस नसतो.

पाइलवाला

पाइपाला जाळी अर्जातच दाखवा, नाहीतर अट म्हणून परत येईल. पावसाळ्याआधी ती काढून कचरा साफ करता येईल अशी बिजागरीची करा, नाहीतर पहिल्याच वादळात तुमची वसाहत तुंबेल. डिसेंबरला मात्र ठाम नकार द्या. 15 नोव्हेंबर ते 31 मार्च हा मॅनटींच्या स्थलांतराचा काळ, त्या दिवसांत तुमच्या नदीत त्या सर्वाधिक असतील, आणि क्रेनचे भाडे तासावरच असते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा आणि अंदाजपत्रकातील माझी ती ओळ उसनी घ्या.